खाऱ्या हवेतला चष्मा : नंबर काढण्यापासून फिटिंगपर्यंत

चष्म्याच्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी फ्रेमच्या भिंतीकडे वळतं. आरशात चार फ्रेमा लावून बघतं, एक पसंत करतं आणि काचा कुठल्या घालायच्या ते दुकानदारावर सोपवतं. काउंटरच्या आतल्या बाजूने बघणाऱ्या माझ्यासारख्याला हा क्रम उलटा वाटतो. आधी नंबर, मग तुम्ही दिवसभर किती अंतरावर बघता त्याचा हिशेब, मग काच, आणि शेवटी त्या काचेला शोभेल आणि पेलेल अशी फ्रेम. आपल्याकडे कोकणात त्यात आणखी एक भर : घाम, खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. घाटावर वर्षानुवर्षं टिकणारी धातूची फ्रेम मालवण-देवगडात किती लवकर हिरवी पडते, हे इथल्या कोणालाही विचारा.

नंबर कधी आणि कसा काढायचा

मधुमेह असेल आणि साखर वरखाली होत असेल, तर त्या आठवड्यात नंबर काढू नका. रक्तातली साखर बदलली की डोळ्यातलं भिंग सुजतं-उतरतं आणि नंबरही हलतो. साखर काही आठवडे स्थिर राहिली की मग जा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण चार ते सहा आठवडे थांबून डॉक्टर सांगतील तेव्हा पक्का नंबर काढायचा. रात्रभर बोटीवर जागून किंवा मुंबईहून रात्रीच्या गाडीने उतरून थेट तपासणीला बसणंही टाळा.

मशीनमध्ये हनुवटी टेकवली, आत एक चित्र दिसलं आणि चिठ्ठी बाहेर आली, म्हणजे नंबर निघाला असं नाही. ती चिठ्ठी ही फक्त सुरुवात. त्यानंतर तपासणीची जड फ्रेम नाकावर ठेवून, काचा बदलत ‘हे बरं की ते बरं’ असं विचारणारी पायरी झालीच पाहिजे. शेवटी तीच फ्रेम लावून दुकानाबाहेर या. रस्त्यापलीकडची पाटी वाचा, एसटीचा बोर्ड वाचा, पाच-दहा पावलं चाला. जमीन तिरकी वाटली किंवा डोकं जड झालं तर तिथेच सांगा. चष्मा तयार झाल्यावर सांगून उपयोग थोडा.

लहान मुलांचा पहिला नंबर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, थेंब घालूनच काढायचा. मुलांचे डोळे जोर लावून नंबर लपवतात किंवा वाढवून दाखवतात. चाळिशी ओलांडलेल्यांनीही निदान एकदा डॉक्टरांकडून डोळ्याचा दाब आणि आतला पडदा तपासून घ्यावा, कारण काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही आणि दुकानातल्या तपासणीत तो सापडेलच असं नाही. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची सोय आहे. गावात शिबिर लागलं तर जरूर जा, फक्त कागदावर नंबर लिहून मागून घ्या.

तो कागद वाचता आला पाहिजे

ओडी किंवा आर म्हणजे उजवा डोळा, ओएस किंवा एल म्हणजे डावा. एसपीएच हा मुख्य नंबर : उणे असेल तर लांबचं अंधुक दिसतं, अधिक असेल तर डोळ्यांना जोर पडतो, विशेषतः जवळचं बघताना. सीवायएल म्हणजे तिरका नंबर आणि अ‍ॅक्सिस ही त्या तिरक्या नंबराची दिशा, १ ते १८० अंशांत. अ‍ॅड म्हणजे जवळचं बघायला वरून दिलेली भर. नंबर ०.२५च्या पायऱ्यांनी बदलतो. त्यामुळे गेल्या वर्षीपेक्षा ०.२५चा फरक दिसला आणि जुन्या चष्म्यातून स्वच्छ दिसत असेल, तर नवा करायची घाई नको.

दोन ठिकाणी नंबर काढला आणि कागद जुळले नाहीत की लोक घाबरतात. पुष्कळदा ते एकच असतात, लिहायची पद्धत वेगळी. एका कागदावर −२.००, सीवायएल +१.००, अ‍ॅक्सिस ९० असेल आणि दुसऱ्यावर −१.००, सीवायएल −१.००, अ‍ॅक्सिस १८०, तर काच तीच. पडताळायचं असं : एसपीएच आणि सीवायएल यांची बेरीज करा, हा नवा एसपीएच. सीवायएलचं चिन्ह उलटा. अ‍ॅक्सिसमध्ये ९० मिळवा, बेरीज १८०च्या वर जात असेल तर मिळवण्याऐवजी ९० वजा करा.

कागदावर बहुतेक वेळा नसते ती पी.डी. : दोन बाहुल्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसांत ते बहुधा ५५ ते ७० च्या दरम्यान असतं. प्रत्येक डोळ्याचं नाकाच्या मध्यापासून वेगळं मोजून लिहून मागा, उदाहरणार्थ ३१ आणि ३२.

टेप घेऊन अंतर मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि चाळिशीनंतर पुष्कळशा तक्रारी इथूनच निघतात. घरी कोणाला तरी शिंपिणीची टेप धरायला लावा. तांदूळ निवडताना डोळ्यापासून सुपापर्यंत किती, वही तपासताना किती, शिलाईच्या मशीनवर किती, संगणकावर किती, जाळं तुणताना किती. सेंटिमीटरमध्ये लिहा. १०० ला त्या आकड्याने भागलं की त्या अंतरावर लागणारी ताकद मिळते : ४० सेंटिमीटरला २.५०, ५० ला २.००, ७० ला साधारण १.४०.

पन्नाशी ओलांडलेला एक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, घेऊ. लांबचा नंबर शून्य, अ‍ॅड +२.००. त्याला दोन भागांची, म्हणजे बायफोकल काच दिली. वरच्या भागातून समुद्र स्वच्छ. खालच्या भागातून जास्तीत जास्त ५० सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसणार, त्यापलीकडचं पुसट. आणि मासे दाखवणारा स्क्रीन आहे ७० सेंटिमीटरवर. म्हणजे वरून बघितलं तर डोळ्याला १.४० चा जोर लावावा लागतो, जो या वयात फार वेळ टिकत नाही, आणि खालून बघितलं तर स्क्रीन हद्दीबाहेर. माणूस मग मान वरखाली करत राहतो आणि चष्म्याला शिव्या देतो. नंबर बरोबरच आहे, अंतर कोणी विचारलं नाही. बोटीवरच्या चष्म्यात खालचा भाग +१.२५चा ठेवला तर ८० सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट होतं आणि स्क्रीन आत येतो. किनाऱ्यावर बसून जाळं दुरुस्त करायला पूर्ण नंबरची साधी चाळिशी वेगळी. दोन चष्मे झाले खरे, पण दोन्ही साधे आणि कामाचे.

बायफोकलमध्ये आपल्याकडे दोन प्रकार चालतात. केटी म्हणजे खालचा भाग गोल, स्वस्त आणि कमी उठून दिसणारा. डी म्हणजे वरची कड सरळ, वाचायला रुंद जागा. कागदावरचं काम जास्त असेल तर डी घ्या.

प्रोग्रेसिव्ह काचेत रेघ नसते, वरून खाली ताकद हळूहळू वाढत जाते आणि मधल्या अंतराचीही सोय होते. शिक्षक, बँकेतली माणसं, दुकानदार यांना ती सोयीची. मात्र तिच्या दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला थोडं वाकडं-अंधुक दिसतंच, कितीही महाग घेतली तरी. महाग काचेत स्वच्छ पट्टा रुंद होतो, इतकंच. सवय व्हायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात, आणि सवय करायची तर ती सलग घालूनच होते, अधूनमधून लावून नाही.

आणि पाखाडी. घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं : बायफोकल असो की प्रोग्रेसिव्ह, पायाकडे बघताना नजर खालच्या वाचायच्या भागातून जाते, आणि पायरी पुसट होते. पावसात शेवाळ आलेल्या पाखाडीवर हा खेळ नको. मान पूर्ण खाली वाकवून वरच्या भागातून बघायची सवय लावा. रोज चढउतार असेल तर बायफोकलची रेघ दोन-तीन मिलिमीटर खाली बसवून घ्या, दुकानदार ऐकतो. सत्तरीच्या पुढच्यांना तर मी बाहेर जायला फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा सुचवतो. साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या अरुंद पुलावरून, जातानाही तोच.

एसटी स्टँडवर किंवा आठवडी बाजारात मिळणाऱ्या तयार चाळिशीवर नाकं मुरडायचं कारण नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, तिरका नंबर नसेल आणि दहा मिनिटं पेपर चाळायचा असेल तर ती चालते. दिवसभर शिवणकाम करायला मात्र नको.

काच कुठली

आजच्या जवळपास सगळ्या काचा प्लास्टिकच्याच. त्यांच्यावर एक आकडा असतो, इंडेक्स. आकडा मोठा तितकी काच पातळ. ±२ पर्यंतच्या नंबरला १.५० किंवा १.५६ भरपूर झाली. २ ते ४ मध्ये १.५६ किंवा १.६०. ४ ते ६ ला १.६० किंवा १.६७. त्यापुढे १.६७ किंवा १.७४. साध्या −१.५० ला १.६७ विकणारा तुमचे पैसे वाया घालवतोय. पातळ होईल ते डोळ्यांना कळणारही नाही.

पातळपणाची एक किंमत असते. काच रंग किती फाकवते ते अ‍ॅबे नावाच्या आकड्यावर ठरतं, आणि तो जितका मोठा तितकं चांगलं. १.५०च्या साध्या काचेचा तो ५८ च्या आसपास, १.६०चा ४१ च्या आसपास, पॉलिकार्बोनेट या चिवट प्लास्टिकचा आणि १.६७चा ३० ते ३२. मोठ्या नंबरात कडेने बघताना दिव्याभोवती रंगीत किनार दिसते ती यामुळेच. माझ्या मते मधल्या नंबरांना १.६०ची काच हा सगळ्यांत सरळ सौदा आहे.

पॉलिकार्बोनेट पटकन फुटत नाही आणि अतिनील किरण स्वतःच अडवतं. पोरांना हीच काच, नाहीतर ट्रायव्हेक्स नावाची तशीच चिवट काच. ज्यांचा एकच डोळा चांगला आहे त्यांनाही. बागेत ग्रासकटर चालवणाऱ्यांनी आणि चिरेखाणीवर काम करणाऱ्यांनी मात्र नंबरच्या चष्म्याला संरक्षण समजू नये. बाजूने बंद असलेला सुरक्षा-गॉगल चष्म्यावरून घालायचा. उडालेला खडा समोरूनच येतो असं नाही.

कोटिंग : कशाला पैसे द्यायचे

हार्ड कोट, म्हणजे ओरखडे रोखणारा थर, हवाच. त्यावर अँटी-रिफ्लेक्शन, म्हणजे चमक घालवणारा थर. साध्या काचेच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो, जास्त इंडेक्सच्या काचेत त्याहून अधिक. रात्री महामार्गावर समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणाऱ्यांना या थराचा फायदा लगेच जाणवतो. किनाऱ्यावर राहत असाल तर त्याच्यावर पाणी आणि तेल न धरणारा थर आहे का, हे मुद्दाम विचारा. शिंतोडे, घाम आणि मिठाची पुटी त्यावरून सहज धुऊन जाते.

ब्लू कट, म्हणजे निळा प्रकाश अडवणारी काच हल्ली न मागता गळ्यात मारतात. २०२३ मध्ये वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. संगणकावर डोळे थकण्यात या काचांनी फरक पडतो असं त्यात आढळलं नाही. फुकट मिळाली तर घ्या, तिच्यासाठी जास्त पैसे देऊ नका. डोळे थकतात ते पापणी कमी लवल्याने आणि अंतराचा नंबर चुकल्याने.

उन्हात काळी होणारी फोटोक्रोमिक काच बागेत आत-बाहेर करणाऱ्याला सोयीची वाटते, पण तिचे दोन स्वभाव माहीत हवेत. ती अतिनील किरणांवर चालते, म्हणून गाडीच्या काचेमागे फारशी काळी होत नाही. आणि गरम हवेत कमी काळी होते. म्हणजे मे महिन्यात, जेव्हा सगळ्यांत जास्त हवी, तेव्हाच ती थोडी हात आखडते.

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी खरी चीज पोलराइज्ड काच. पाण्यावरून येणारी आडवी चमक ती कापते आणि पाण्याखालचं दिसू लागतं. अडचण एवढीच की काही स्क्रीन तिच्यातून काळे पडतात. दुकानात गॉगल लावून आपला मोबाइल उभा-आडवा फिरवून बघा म्हणजे कल्पना येते. गडदपणाला मात्र भुलू नका. यूव्ही ४०० (अतिनील किरण अडवल्याची खूण) नसलेली काळी काच उन्हात बाहुली मोठी करते आणि अतिनील किरण आत सोडते. सतत उन्हात, वाऱ्यात आणि वाळूत वावरणाऱ्यांच्या डोळ्यांत पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा दिसतो, त्यात या किरणांचा मोठा हात असतो.

आता फ्रेम

काडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असं लिहिलेलं असतं. काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिले दोन मिळवा : ७०. तुमची पी.डी. ६२ असेल तर फरक ८, म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य ४ मिलिमीटर आत सरकवावा लागणार. उणे नंबरात त्यामुळे बाहेरची कड जाड होते. त्याऐवजी ४८-१८ घेतली तर फरक ४ वर येतो आणि काच आपोआप पातळ होते, जास्त इंडेक्सचे पैसे न देता. मोठ्या नंबराला लहान, गोलसर फ्रेम, हा नियम फॅशन कुठलीही आली तरी बदलत नाही. प्रोग्रेसिव्ह घ्यायची तर उलट : बाहुलीच्या मध्यापासून खालच्या कडेपर्यंत साधारण १८ मिलिमीटर जागा हवी, नाहीतर वाचायचा भागच कापला जातो.

धातू निवडताना सावध. स्वस्त फ्रेमा बहुधा मोनेलच्या, म्हणजे निकेल आणि तांब्याच्या मिश्रधातूच्या असतात. वरचा मुलामा घामाने गेला की हिरवा गंज आणि नाकावर-कानामागे खाज. त्वचेला निकेल सोसत नसेल तर टायटॅनियम घ्या, खाऱ्या हवेतही तेच टिकतं. वाकवली तरी परत सरळ होणाऱ्या ‘मेमरी’ फ्रेमा मात्र निकेल-टायटॅनियमच्या असतात, नुसतं टायटॅनियम ऐकून फसू नका. स्टेनलेस स्टील मधला मार्ग.

शेल फ्रेम, म्हणजे प्लास्टिकची, अ‍ॅसिटेटची, गंजत नाही आणि गरम करून कानावर नेमकी बसवता येते. घामाने ती पांढुरकी पडते, पण पॉलिश करून घेता येते. टीआर-९० या प्लास्टिकची फ्रेम हलकी आणि लवचीक, बोटीवर आणि पोरांना उत्तम. तिला वाक देता येत नाही, म्हणून लावल्या लावल्या बसली तरच घ्या. नायलॉनच्या तारेची सुप्रा आणि काचेला भोक पाडून बसवलेली, बिनकडेची रिमलेस दिसायला छान, पण झाडावर चढणाऱ्याने, जाळं ओढणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. घ्यायचीच असेल तर रिमलेसला १.५०ची साधी काच नको, भोकाजवळ तडकते. पॉलिकार्बोनेट, ट्रायव्हेक्स किंवा १.६० घ्या.

फ्रेम कुठलीही असो, बिजागरीचा स्क्रू आधी गंजतो. पारदर्शक नेलपेंटचा थेंब त्यावर सोडला तर तो सैलही होत नाही आणि खारटपणापासून थोडा वाचतो. स्कूटर चालवत असाल तर हेल्मेट दुकानात घेऊन जा. जाड, बाकदार काड्या हेल्मेटमध्ये शिरत नाहीत, हे घरी आल्यावर कळून काय फायदा? आणि मान खाली घालून डोकं हलवून बघा. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला तर ती फ्रेम तुमची नाही, घामाचे दिवस तर अजून यायचेत.

माप, आणि घरी नेण्याआधी

प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकलचं माप फ्रेम आधी नाकावर नीट बसवून, मगच घ्यायचं. दुकानदार तुमच्या समोर, डोळ्यांच्या समान उंचीवर बसला पाहिजे. उभ्याने वरून खूण करणाऱ्याला थांबवा. याच कारणासाठी प्रोग्रेसिव्ह मी मोबाइलवरून मागवू देत नाही. साधा छोटा नंबर मागवा खुशाल.

माप चुकलं तर काय होतं? −५ च्या काचेचा मध्य ४ मिलिमीटर सरकला तर २ प्रिझमचा ओढा तयार होतो (काच नजरेला किती बाजूला ओढते त्याचं माप म्हणजे प्रिझम), आणि डोकं दुखतं. नंबर मात्र मशीनवर बरोबरच दाखवतो.

आपल्याकडच्या छोट्या गावांत काच बहुतेक मोठ्या शहरातून घासून येते. म्हणून ती आल्यावर तिचं छापील पाकीट मागा. त्यावर इंडेक्स, कोटिंग आणि नंबर असतो, तो कागदाशी ताडा. लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, तुमच्यासमोर तपासायला सांगा, त्याला दोन मिनिटं लागतात. प्रोग्रेसिव्ह काच उजेडात तिरकी धरली तर बारीक कोरीव खुणा दिसतात, कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडचा आकडा असतो. घरीही एक चाचणी करता येते : चष्मा हातभर लांब धरून दाराच्या चौकटीकडे बघा आणि आडवा हलवा. चौकट काचेबरोबर सरकली तर नंबर उणे, उलटी सरकली तर अधिक. चष्मा गोल फिरवल्यावर चौकट वाकडी होत असेल तर तिरका नंबर आहे.

बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावर ५ टक्के जीएसटी आहे, जुना दर लावला असेल तर विचारा. कोटिंगची वॉरंटी बिलावरच लिहून घ्या.

वापरताना

किनाऱ्यावरून आल्यावर काच सदऱ्याच्या टोकाने पुसू नका. सुकलेलं मीठ आणि वाळू तिथेच घासली जाते. आधी साध्या पाण्याखाली धरा, भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब बोटाने लावा, धुवा, मग सुती किंवा मायक्रोफायबर कापडाने टिपा. गरम पाणी नको, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका. उष्णतेने काच फुगते, वरचा थर फुगत नाही आणि त्याला बारीक तडे जातात. ते पुसून जात नाहीत, काच बदलावी लागते.

पावसाळ्यात चामड्याची केस बुरशी धरते, तेव्हा कडक प्लास्टिकची वापरा आणि आतलं कापड आठवड्याला वाळवा. बोटीवर आणि झाडावर मानेमागून दोरी हवीच. जुना चष्मा नंबरात ०.५०चाच फरक असेल तर टाकू नका. स्क्रू घट्ट करून गाडीच्या डिकीत किंवा बोटीवरच्या डब्यात ठेवा. ऐन गणपतीत दुकानं बंद असताना चष्म्याची काडी तुटली तर तोच कामाला येतो.